अर्ध्यांचा वकील

लाइपझिग, ११ जानेवारी १९४२

प्रिय मामा,

आईनं तुम्हाला आधीच कळवलं असणार, तेव्हा धक्का बसल्याचं सोंग करू नका. हो, मी कॉलेज सोडलं. कायद्याची दोन वर्षं झाली होती, दोन उरली होती. बरोबर मध्यावर सोडलं. आई म्हणाली, "आता तुझ्या मामाला मी काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "आहे तेच दाखव, त्यांना सवय आहे." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सूपचा वाडगा मात्र असा आपटते की शेजाऱ्यांना आमचं जेवण किती वाजता असतं ते कळावं.

कारण ऐका. यंदा नवा विषय लागला होता, रक्ताचा कायदा. पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर चार वर्तुळं काढली. दोन आजोबा, दोन आज्या. मग त्यातली दोन खडूनं गच्च भरली आणि म्हणाले, "आता या मुलीचं काय करायचं, सांगा पाहू." वर्गातल्या पोरांनी पटापट हात वर केले. मी उठलो. ते म्हणाले, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "ओकायला." वर्ग हसला, त्यांना वाटलं मी प्यालोय. मी परत गेलो नाही. आता रेल्वेची वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात प्रुफं तपासतो. लहानपणी तुम्ही ज्याच्यावर ऑपरेशन करवलंत तो डावा कान बहिराच आहे, त्यामुळे सैन्यात घेत नाहीत. त्या कानाचे आभार.

फळ्यावरची ती मुलगी कोण, हे तुम्ही ओळखलं असेलच. नाव थेआ बिर्नबाउम. वय बावीस. इथल्या फर-बाजारात कोट शिवते. गेल्या हिवाळ्यात बाबांचा जुना कोट दुरुस्तीला नेला, तर तिनं तो दिव्यापुढे धरला आणि म्हणाली, "यात ऊब कमी आणि भोकं जास्त आहेत. दुरुस्त करू, की माशा गाळायला ठेवता?" मी त्या आठवड्यात चार वेळा गेलो. दर वेळी एक बटण तोडून. पाचव्या वेळी ती म्हणाली, "बटणं संपली. आता काय तोडणार?" सध्या लोकांनी आघाडीसाठी दिलेल्या फरच्या ढिगात ती बसलेली असते आणि सैनिकांसाठी बंड्या शिवते.

तिची आई पाद्र्याची मुलगी. वडील ज्यू, सदतीस साली हृदय बंद पडून गेले. म्हणजे कायद्यात थेआ 'अर्धी'. मामा, तुम्ही तिला एकदा बघा. अर्धी कसली, दीड वाटेल!

आम्हाला लग्न करायचं आहे. अर्ध्यांच्या लग्नाची परवानगी तुमच्या खात्यातून मिळते आणि ती फाईल तुमच्याच टेबलावर असते, एवढं मला ठाऊक आहे. तेव्हा मला उपदेश नको, सही हवी.

तुमचा,
लोटार


बर्लिन, २६ जानेवारी १९४२

चिरंजीव लोटार,

आशीर्वाद. वर्गातून ओकायला बाहेर गेलास हे उत्तम केलंस. तुझे वडील जागच्या जागीच उरकणाऱ्यांतले होते. तेवढी आमच्या घराण्याची शिस्त तुझ्यात उतरली म्हणायची.

आता तुझं काम. खरं सांगतो, माझ्या खोलीत अशा अर्जांचं एक कपाट आहे. ते भरलं म्हणून मी दुसरं मागवलंय. पहिल्या कपाटातून मंजूर होऊन बाहेर पडलेले अर्ज मोजायला एका हाताची बोटं पुरतात. पण रागावू नकोस. पाय आपटू नकोस. पुढचं वाच.

अलीकडेच तळ्याकाठच्या एका बंगल्यात निरनिराळ्या खात्यांच्या मोठ्या साहेबांची बैठक झाली. ज्यूंचा प्रश्न कायमचा निकाली काढायचा, हा विषय. मी अर्थातच नव्हतो, माझ्या पायरीची माणसं फक्त टिपणं लिहून देतात. साहेब जेवून परत आले तेव्हा मी विचारलं, "कसं काय झालं?" तर म्हणाले, "हेन्श्के, अहो, दीड तासात उरकलं! मला वाटलं होतं भांडणं होतील, तर सगळे एका सुरात." एकच मुद्दा राहिलाय. पुरत्यांना पूर्वेकडे पाठवायचं यावर दुमत नाही. अर्ध्यांनाही त्याच गाडीत बसवायचं का, यावर आहे. काही मंडळी म्हणतात बसवा. मी म्हणतो नाही. आणि मार्चच्या बैठकीसाठी 'नाही'ची बाजू लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय. खात्यात मला आता 'अर्ध्यांचा वकील' म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण मी मनातून सुखावतो.

म्हणजे काय समजलास ना? तुझी थेआ माझी अशील आहे. तिची संपूर्ण हकिकत कळव. जन्म, आईवडील, धर्म, राहणं. कागद चोख असला की बाजू मांडता येते. पत्र कचेरीच्या पत्त्यावर घाल, घरी मी सध्या फक्त सदरा बदलायला जातो.

तुझ्या आईला म्हणावं, वाडगे महाग झालेत.

तुझा मामा,
आल्ब्रेख्ट हेन्श्के


लाइपझिग, ४ फेब्रुवारी १९४२

मामा, माझ्या मामा!

तुमचं पत्र घेऊन मी धावत फर-बाजारात गेलो. थेआच्या उस्तादांनी दारातच अडवलं, "आज काय, बाही फाडून आणलीस?" मी त्यांना मिठी मारली. ते फरचे केस झटकावेत तसे मला झटकत राहिले. थेआला म्हटलं, "बर्लिनमध्ये तुझा वकील बसलाय." ती म्हणाली, "माझा? मी काय चोरलं?" मी म्हटलं, "मला." तर म्हणते, "मग वकील तुझ्या घरच्यांना हवा, मला कशाला!"

ही घ्या हकिकत. जन्म ३ ऑक्टोबर १९१९, लाइपझिग. राहते आईबरोबर, फर-बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसरा मजला. आईच्या बाजूनं सात पिढ्या प्रोटेस्टंट. वडील झिगफ्रीड बिर्नबाउम, फरचे व्यापारी, मागच्या युद्धात आपल्याच बाजूनं लढले आणि गुडघ्यात लोखंड घेऊन आले.

आता एक गोष्ट, जी मी तुमच्याशिवाय जगात कुणालाही सांगणार नाही. बापलेक कधी ज्यूंच्या प्रार्थनाघरात जात नव्हते. पण तेहतीसच्या एप्रिलमध्ये दुकानापुढे पाट्या घेऊन पोरं उभी राहिली, 'ज्यूंकडून घेऊ नका'. त्या दिवशी वडिलांनी कोट चढवला, तेरा वर्षांच्या थेआचा हात धरला आणि त्या पोरांच्या मधून चालत जाऊन ज्यू धर्मसंस्थेच्या वहीत तिचं नाव घातलं. म्हणाले, "मार खायचाच, तर नाव लावून खाऊ." वडील गेल्यावर आई किती वेळा म्हणाली, नाव काढून घे. थेआनं काढलं नाही. म्हणायची, "ते बाबांनी घातलंय." अडतीसच्या नोव्हेंबरात ती इमारत जाळली, वहीही जळाली. इथल्या कचेरीत तिच्या कार्डावर फक्त 'अर्धी' लिहिलंय, वहीचं कुणाला ठाऊकही नाही. पण तुम्ही म्हणालात कागद चोख हवा, म्हणून मी काहीच लपवत नाही. आणि बघा ना, कसल्या निष्ठेची पोर आहे! मेलेल्या माणसाला दिलेला शब्द जी मोडत नाही, ती जिवंत माणसाला काय मोडणार? अशा मुलीसाठी माणसानं कॉलेज काय, जग सोडावं. ती टाके घालताना ओठ आवळते, तेव्हा मला वाटतं की सगळं जग कुठेतरी उसवलंय आणि ही एकटी शिवत बसलीय.

हे शेवटचं अशिलाच्या बाजूनं पुरावा म्हणून धरा.

हे सगळं लिहिलंय ते मी तिला सांगितलेलं नाही. लाजेल.

तुमचा लोटार


बर्लिन, १७ फेब्रुवारी १९४२

चिरंजीव लोटार,

पत्र पोचलं. यापुढे कचेरीच्या पत्त्यावर काही लिहू नकोस. वहीची गोष्ट आणखी कुणाला बोलला असशील तर मला कळव, नसशील तर तोंड बंद ठेव. ज्या तासाला उठून गेलास, तो पुरता ऐकला असतास तर बरं झालं असतं. असो.

तू काळजीत असशील म्हणून एक चांगली बातमी. माझं टिपण तयार झालंय. बावीस पानं. अर्ध्यांना घालवून देण्याची गरजच उरू नये असा तोडगा मी काढलाय. विरुद्ध पक्षाची भीती एकच आहे, की हे रक्त पुढे चालू राहील. तर ते चालू राहणार नाही एवढी हमी दिली, की भांडण मिटलं. अर्ध्यांनी राहावं, काम करावं, आपापल्या घरात जगावं. फक्त संतती होऊ नये एवढी शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती अगदी साधी असते. चार दिवस दवाखाना, पाचव्या दिवशी माणूस कामावर. मी दोन सर्जनांशी बोललोय. साहेबांनी टिपणावर लिहिलं, 'माणुसकीला धरून आहे.' अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आईला सांभाळ.

मामा


लाइपझिग, २२ फेब्रुवारी १९४२

मामा,

तुमचं पत्र छापखान्याच्या जिन्यात उभ्यानं उघडलं आणि वाचून झाल्यावर तिथेच पायरीवर बसलो. लोक मला ओलांडून जात होते. कुणीतरी विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, चांगली. मामांनी तसं लिहिलंय."

'साधी असते. चार दिवस दवाखाना.' हे तुम्ही लिहिलंत? त्याच हातानं? ज्या हातानं पोहायला शिकवताना माझ्या हनुवटीखाली आधार दिला होता?

थेआनं माझं तोंड पाहूनच ओळखलं. "मामांचं आलं ना? दे इकडे." मी नाही म्हणू शकलो नाही. तिनं दोनदा वाचलं. मग घडी घातली, घडीवर नख फिरवलं आणि म्हणाली, "किती व्यवस्थित लिहितात रे तुझे मामा. एक खाडाखोड नाही." मग म्हणाली, "पिल्लं होऊ नयेत म्हणून उस्तादांनी मांजर कापून आणली तेव्हा तेही म्हणाले होते, चार दिवस. तिला दोनच लागले. मी तिच्याहून मोठी आहे, मला तीन धर." मी रडायला लागलो. ती नाही रडली. मला म्हणाली, "तू कशाला रडतोस? तुला कुणी कापत नाहीये."

आम्ही पोरांची नावंसुद्धा भांडून भांडून ठरवली होती, मामा.

तुम्ही वकील आहात? असे वकील फासाची दोरी मऊ आहे ना, हे चाचपून बघतात आणि फी म्हणून आशीर्वाद मागतात. बावीस पानं! थेआच्या एकेका वर्षाला एक पान! आणि तुमच्या साहेबांची माणुसकी! त्यापेक्षा तुमचा तो विरुद्ध पक्ष परवडला. निदान सरळ सांगतो, इथे नको, तिकडे जा. मग पाठवतात तर पाठवू देत! मीही जाईन तिच्याबरोबर. पूर्वेला जमीन आहे, जंगल आहे. लाकडं तोडू, झोपडी बांधू, बटाटे लावू आणि आम्हाला सहा पोरं होतील. सहाही अर्धवट वेडी, आपल्या बापासारखी.

तुमचं टिपण मागे घ्या. तिला पाठवा तिकडे.

लोटार


बर्लिन, १५ मार्च १९४२

लोटार,

हे पत्र टपालानं येत नाही. माझा एक सहकारी लाइपझिगला येणार आहे, त्याच्या हाती देतोय. वाच आणि चुलीत घाल.

'पाठवतात तर पाठवू देत' हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून दार लावून घेतलं. मूर्खा, तिकडे बटाटे लावायला पाठवत नाहीत.

मी एक कागद वाचलाय. पंधरा पानांचा. त्यात सगळ्या देशांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे ज्यूंचा आकडा. जे देश आपण घेतले तेही आणि जिथे आपला एक शिपाईही नाही तेही. इंग्लंड आहे. स्वित्झर्लंड आहे. एकूण एक कोटी दहा लाखांवर. बेरीज बरोबर आहे, मी पडताळून पाहिली. तुला काय सांगू, मी आधी बेरीज पडताळली आणि मग मला कळलं की मी कशाची बेरीज करतोय. बंगल्यात दीड तासात उरकलं ते हे. 'मारणे' हे क्रियापद त्या पंधरा पानांत कुठेही नाही. मी तीनदा शोधलं. रस्ते बांधायला नेतील, काम करता करता बरेचसे 'आपोआप कमी होतील', आणि जे चिवट उरतील त्यांची 'योग्य ती व्यवस्था' होईल. इतकंच आहे. क्रियापदं साहेब लोक जेवणानंतर, कोन्याकच्या पेल्याबरोबर तोंडी सांगतात.

आता कळलं, मी कशापासून तुझ्या थेआला वाचवत होतो? चार दिवसांचा दवाखाना दुसऱ्या पारड्यात घालून बघ.

'वाचवत होतो' असं लिहिलं, कारण पुढचं सांगायचं आहे.

कचेरीत येणारं प्रत्येक पत्र आवक बारनिशीत फोडतात. शिक्का मारतात, क्रमांक घालतात आणि मगच टेबलावर येतं. खासगी असलं तरी. अठ्ठावीस वर्षं हे मी रोज पाहतोय आणि तुला कचेरीचा पत्ता देताना मला ते आठवलं नाही. मला खासगी पत्रंच येत नाहीत रे. तुझं पत्र क्रमांक घालून आलं. क्रमांक पडलेला कागद फाडता येत नाही. तो पुढे कुठे गेला ते दाखवावंच लागतं.

आणि त्यात ती वही होती. अर्ध्यांचा नियम असा आहे. जो अर्धा १५ सप्टेंबर १९३५ या दिवशी किंवा त्यानंतर ज्यू धर्मसंस्थेच्या वहीत होता, तो अर्धा नाही. तो पुरता. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात हे.

मी ते पत्र महिनाभर दाबून ठेवलं. नोकरीत प्रथमच. ६ मार्चला बैठक होती. आदल्या दिवशी बारनिशीचा म्हातारा दारात येऊन उभा राहिला, "साहेब, तेवढ्या एकाच क्रमांकापुढे रकाना कोरा आहे." विरुद्ध पक्ष असल्या कोऱ्या रकान्यांच्याच शोधात असतो. अर्ध्यांच्या वकिलानं आपल्याच घरात एक पुरती लपवलीय, एवढं त्यांना कळलं असतं, तर माझी बावीस पानं त्यांनी माझ्या तोंडावर फेकली असती. त्या पानांमागे सत्तर हजार माणसं उभी आहेत. एका बाजूला सत्तर हजार, दुसऱ्या बाजूला एक. मी शेरा लिहिला, 'नियमानुसार पुरती. लाइपझिग कचेरीकडे कार्यवाहीसाठी.' खाली सही केली. तू सही मागितली होतीस, तीच.

असल्या कार्यवाहीला पाच-सहा आठवडे लागतात. याहून अधिक मी लिहू शकत नाही.

मामा


लाइपझिग, १३ मे १९४२

आल्ब्रेख्ट मामा,

तुमच्या सहकाऱ्याला लाइपझिगला यायची सवड २१ एप्रिलला झाली. छान माणूस. आमच्याकडे कॉफी प्यायला. मी पाकीट फोडून तिथेच वाचलं आणि त्याच्या कॉलरला धरलं, "हे महिनाभर खिशात घेऊन फिरलास?" तो भांबावला. म्हणाला, "घाई आहे असं हेन्श्के साहेब काही बोलले नव्हते."

बोलला नव्हतात. जपून राहिलात.

तोवर सगळं होऊन गेलं होतं. ९ एप्रिलला थेआला कचेरीत बोलावलं, पिवळा तारा दिला आणि तो शिवून घ्यायला सांगितलं. तिनं असा शिवला की टाका दिसत नव्हता. कारागीर ना. मग आईपासून तोडून ज्यूंना कोंबायच्या घरात एका खोलीत नऊ जणांत टाकली. ती म्हणत होती, शेजारच्या म्हातारीनं चुगली केली. दुसऱ्या कुणाला वहीचं ठाऊक असणार? ती जाऊन त्या म्हातारीला वाट्टेल ते बोलून आली होती, तिच्या दारावर थुंकली होती.

तुमचं पत्र वाचून मी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं. कसं सांगितलं, विचारू नका. ती खाटेच्या कडेवर बसली होती. आधी म्हणाली, "म्हणजे म्हातारीची माफी मागायला हवी." मग म्हणाली, "काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल?" मी म्हटलं, "थेआ, नको." "सांग." मला ते पत्र तोंडपाठ होतं. मी म्हणून दाखवलं. निष्ठेचं, टाके घालताना ओठ आवळण्याचं, जग उसवल्याचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. मला कधी म्हणाला नाहीस असं."

मी पायांवर पडलो. तिनं उठवलंही नाही, ढकललंही नाही. हात तेवढा माझ्या डोक्यावर ठेवला, बहिऱ्या कानाच्या बाजूला. काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मी तिला पळवणार होतो. डोंगरात एका छापखानेवाल्याची झोपडी आहे, तिथे. ती म्हणाली, "आणि आईला विचारायला येतील, तेव्हा ती काय सांगेल?" दोन आठवडे आम्ही यावरच भांडलो. ९ मेला भांडण मिटलं. त्या दिवशी त्यांना एका शाळेत गोळा केलं.

कोटीभरांचा कागद, साहेबांची क्रियापदं, हे मी तिला सांगितलं नाही. हे तिच्यापासून लपवलेलं दुसरं. तिनं पिशवीत सुया घेतल्या, मेण घेतलं, फर कापायचा चाकू काढून घेतील म्हणून घेतला नाही. म्हणाली, "पूर्वेला थंडी असते. फर शिवणारी लागेलच त्यांना."

शाळेच्या फाटकात एक कारकून यादी घेऊन बसला होता. मी म्हटलं, "मलाही या गाडीत घाला." त्यानं विचारलं, "नातं काय?" "लग्न ठरलंय." "कुणाशी?" "बिर्नबाउम, थेआ." तो हसला, "त्यांच्याशी ठरत नसतं, बाळा." मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. एकच. मग त्यांनी किती मारले, मोजले नाहीत. गाडी १० तारखेला सुटली तेव्हा मी चौकीच्या फरशीवर होतो. शेवटचं बघणं याच रागापायी गेलं. ही गाडी कुठल्याही वेळापत्रकात नाही. मी स्वतः सगळी पानं तपासली.

हे पत्र मी मुद्दाम कचेरीच्या पत्त्यावर घालतोय. घाला क्रमांक.

लोटार


बर्लिन, ९ नोव्हेंबर १९४२

चिरंजीव लोटार,

सहा महिने तुझं पत्र नाही. तुझी आई लिहिते, तू जेवतोस, कामावर जातोस आणि बोलत नाहीस. मी तुला भेटायला दोनदा निघालो आणि दोनदा स्टेशनवरून परत फिरलो.

आज लिहितोय, कारण ही गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. अर्ध्यांचा प्रश्न मागे पडला. शस्त्रक्रियांना डॉक्टर नाहीत, दवाखान्यांत सैनिकांनाच खाटा पुरत नाहीत. आणि घालवून द्यावं, तर प्रत्येकाची निम्मी नातलग मंडळी आपलीच, तीच ओरड करतील. तेव्हा ठरलं, की अर्ध्यांचं काय ते युद्धानंतर पाहू. तोवर कुणालाही हात लावायचा नाही. ना चाकूनं, ना गाडीनं. माझ्या बावीस पानांवर 'तूर्त स्थगित' लिहून ती कपाटात गेली.

म्हणजे मी जिंकलो, लोटार. सत्तर हजार माणसं आपापल्या घरात आहेत. हे मी कुणाला अभिमानानं सांगू शकत नाही आणि तुला तर नाहीच. तू मला ते लिहिलं नसतंस, मी तुला ते विचारलं नसतं, तर आज ती तिच्या दुकानात बसलेली असती. हे वाक्य मी लिहिणार नव्हतो. लिहून झालंय, आणि मला खाडाखोड जमत नाही.

मामा


लाइपझिग, १४ नोव्हेंबर १९४२

मामा,

पत्र मिळालं. अभिनंदन.

ते वाचून मी मे महिन्यानंतर पहिल्यांदा फर-बाजारात गेलो. दुकान चालू आहे. थेआच्या खुर्चीत एक नवी मुलगी बसलीय, सतरा-अठराची, गाल लाल. मला म्हणाली, "काही शिवायचंय?" मी म्हटलं, "नाही, इथे आधी एक जण बसायची." ती एकदम उठली, "थेआ? तुम्ही ओळखता तिला? अहो, बरं झालं. तिची शिवताना बोटात घालायची टोपी इथेच राहिली, खणात. पितळी आहे, आतून तिच्या बोटाच्या मापाची झिजलीय. माझ्या बोटात बसत नाही. हिच्याशिवाय तिकडे जाड फरला सुई कशी लावत असेल ती? पत्ता द्या ना, मी पाठवून देते." उस्ताद पाठमोरे झाले. मी म्हटलं, "माझ्याकडे दे. मी पाठवतो."

ती आता माझ्यासमोर टेबलावर आहे.

तुम्ही मार्चमध्ये लिहिलेलं सगळं मी वाचलंय आणि मी मूर्ख नाही. तरी तुमच्या कागदात चूक असू शकते. थंडी आहे, सैन्याला बंड्या लागतात, फर शिवणाऱ्या कुणी सगळ्याच मारून टाकत नाही. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो. मी तुम्हाला शिव्या देणार नाही, पुन्हा कधीच देणार नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो. चौकशी करा. थेआ बिर्नबाउम, १० मेची गाडी. मला तिचा पत्ता पाठवा.

लोटार


बर्लिन, २ डिसेंबर १९४२

लोटार,

गाड्यांच्या याद्या ठेवणाऱ्या कचेरीत मी स्वतः जाऊन विचारलं. माझ्याच वयाचा माणूस होता, सभ्य. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि मी नाव, तारीख सांगितल्यावर काहीही न उघडता माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हेन्श्के साहेब, तुम्ही तर तो पंधरा पानांचा कागद वाचलाय ना?"

पार्सल पाठवू नकोस. तिकडे पत्ते नसतात.

मामा